एकेकट्या झाडांची शिरगणती: उष्णकटिबंधीय जंगलातल्या वृक्षवैविध्याचा अभ्यास कसा सुरू करावा

पेरू देशात, अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात यानामोनो नावाची जागा आहे. तिथल्या एक हेक्टर जंगलातली १० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड खोडं अ‍ॅल्विन जेंट्री या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोजली. त्याचा निबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. झाडं आणि जाड महावेली मिळून खोडं भरली सहाशेच्या आसपास आणि प्रजाती भरल्या सुमारे ३००. सरासरी काढली तर एका प्रजातीच्या वाट्याला दोनच खोडं येतात. त्यातही ६३ टक्के प्रजातींचं त्या अख्ख्या हेक्टरात फक्त एकेक खोड होतं.

या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा सगळ्यांत आधी सांगते. पुढे जे काही अडतं, ते बहुतेक या एकेकट्या झाडांपाशीच अडतं. जागा किती मोठी घ्यायची, नाव ठरेना झालं की काय करायचं, दोन जंगलांची तुलना कशी करायची, या सगळ्यांची उत्तरं त्यांच्याकडे बघूनच द्यावी लागतात. दुर्मीळ प्रजाती म्हणजे यादीच्या तळाशी उरलेला गाळ, असं समजून काम केलं तर जंगलातला निम्म्याहून अधिक भाग हातातून निसटतो.

सुरुवातीला एका शब्दाचा खुलासा. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत 'जाती' आणि 'प्रजाती' हे शब्द वेगवेगळ्या पातळ्यांसाठी येतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. या लेखात मी वर्तमानपत्रांत रुळलेला अर्थ घेतला आहे. आंबा ही एक प्रजाती. तिचे जवळचे भाऊबंद मिळून एक वंश. असे अनेक वंश मिळून एक कुळ.

आधी प्रश्न, मग टेप

'या जंगलात किती प्रकारची झाडं आहेत?' हा प्रश्न कानाला पुरेसा वाटतो, पण तेवढ्यावर काम सुरू करता येत नाही. त्याच्या पोटात तीन वेगळे प्रश्न असतात. एका ठिकाणी किती प्रजाती आहेत? एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर त्या किती बदलतात? आणि इतक्या प्रजाती एकमेकींना हुसकावून न लावता एकत्र टिकतात कशा?

पहिल्यासाठी एक चांगली मोजलेली जागा चालते. दुसऱ्यासाठी लहान लहान पण विखुरलेल्या पुष्कळ जागा लागतात. तिसऱ्यासाठी त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि तेही वर्षानुवर्षं. मी असे प्रकल्प पाहिले आहेत की ज्यांत विचारला तिसरा प्रश्न आणि आखणी केली पहिल्याची. दोन वर्षं राबून शेवटी हाती यादी उरली. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याच्याखाली लिहा, 'याचं उत्तर मिळायला मला नेमका कोणता आकडा लागेल?' हे दुसरं वाक्य लिहिता येईपर्यंत जंगलात खुंट्या ठोकू नका.

जागा किती घ्यावी

तीन मापं प्रचलित आहेत.

सगळ्यांत लहान, जेंट्री यांनीच रूढ केलेलं माप म्हणजे ०.१ हेक्टर. २ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब अशा दहा पट्ट्या आखायच्या आणि त्यांतली २.५ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड खोडं नोंदवायची. लहान गट थोड्या दिवसांत हे काम उरकू शकतो. अनेक ठिकाणांची तुलना करायची असेल तर हे उत्तम.

दुसरं माप एक हेक्टरचं, म्हणजे १०० मीटर बाय १०० मीटर. यात बहुधा १० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड झाडं मोजतात. दमट उष्णकटिबंधीय जंगलात अशी साधारण ४०० ते ७०० झाडं मिळतात. नव्या माणसाने शिकायला सुरुवात करावी ती याच मापाने, असं माझं मत आहे. काम आवाक्यात राहतं, आणि तेवढ्यातच जंगल तुम्हाला पुरेसं छळतं.

तिसरं माप ५० हेक्टरचं. त्याची सुरुवात पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर झाली. पनामा कालव्यासाठी गाटून तलाव भरला तेव्हा पाण्याने वेढलेली एक टेकडी म्हणजे हे बेट. १९२३ पासून ते संशोधनासाठी राखलेलं आहे. स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी तिथे १९८० च्या सुमारास एक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद जागा आखली आणि तिच्यातलं १ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असं प्रत्येक खोड मोजून, क्रमांक देऊन नकाशावर मांडलं. खोडं दोन लाखांहून अधिक होती आणि प्रजाती सुमारे ३००. पहिली मोजणी १९८२ मध्ये पुरी झाली, दुसरी १९८५ मध्ये, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी होत आली आहे. पुढे याच पद्धतीने जगभर मोठ्या जागा आखल्या गेल्या. त्यांतल्या दोन शेजारी ठेवून पाहा. बोर्निओ बेटावरच्या लांबिर इथे ५२ हेक्टरात सुमारे १,२०० प्रजाती आहेत. दक्षिण भारतातल्या मुदुमलईच्या कोरड्या पानगळी जंगलात, जिथे वणवे आणि हत्ती हे रोजचेच, ५० हेक्टरात सुमारे ७०. दोन्ही जंगलं उष्णकटिबंधीयच.

५० हेक्टर कशाला, हा प्रश्न नवखे हमखास विचारतात. एका प्रजातीबद्दल काही ठामपणे बोलायचं तर तिची निदान काही डझन झाडं हाताशी हवीत. हेक्टरी एक झाड असलेल्या प्रजातीची पन्नास झाडं हवी असतील, तर हिशेब तुम्हीच करा.

चौकट आखताना

हेक्टरचे २० बाय २० मीटरचे पंचवीस चौकोन पाडा. प्रत्येक कोपऱ्यावर न कुजणारी खूण ठोका. प्लॅस्टिकचा नळ चालतो, लोखंडी गज त्याहून बरा. लाकडी खुंटी वापरू नका, वाळवी तिला पुढच्या मोजणीपर्यंत शिल्लक ठेवत नाही.

उतारावर बहुतेकांची एक चूक होते. क्षेत्रफळ नेहमी आडव्या, सपाट अंतरावर धरायचं असतं. जमीन २० अंशांनी कललेली असेल आणि तुम्ही टेप जमिनीलगत २० मीटर ताणली, तर आडवं अंतर १९ मीटरपेक्षाही कमी भरतं. आडवे २० मीटर हवे असतील तर अशा उतारावर टेप २१ मीटर २८ सेंटिमीटर जायला हवी. आडवं अंतर भागिले उताराच्या कोनाची कोज्या (कोसाइन), एवढंच गणित आहे. शक्य असेल तिथे टेप पातळीत धरून पाच-पाच मीटरच्या टप्प्यांनी उतरलं की तेही करावं लागत नाही.

जागा निवडताना सगळ्यांत सुंदर, सगळ्यांत उंच झाडांच्या कोपऱ्याकडे पाय आपोआप वळतात. ते आवरा. नकाशावर जागा आधी ठरवा आणि तिथे पडलेल्या झाडांची मोकळीक असो की वेलींचं जाळं, आहे ते मोजा.

परवानगी, वाटाड्या आणि डोक्यावरची वाळकी फांदी या तिन्ही गोष्टींची काळजी पहिल्या दिवसाच्या आधी घ्यायची. जंगल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी संमती हवी आणि त्या जंगलाच्या आधाराने जगणाऱ्यांची तोंडीही हवी. स्थानिक जाणकार सोबत असेल तर त्याला मजुरासारखं वागवू नका. पाहणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव तुमच्याबरोबर यायला हवं, कारण निम्मी झाडं तोच ओळखणार आहे.

खोड मोजणे

छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, खोडाचा व्यास मोजायचा असा जगभरचा संकेत आहे. घेर मोजून त्याला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. घेर ३१.४ सेंटिमीटर भरला की व्यास बरोबर १० सेंटिमीटर. हा आकडा तोंडपाठ असू द्या, झाड मोजणीत घ्यायचं की नाही हे जागच्या जागी कळतं. व्यासाच्याच खुणा छापलेली टेपही मिळते.

१.३ मीटरची काठी कापून घ्या आणि दर वेळी खोडाला टेकवा. अंदाजाने छातीची उंची धरू नका, कारण सकाळची छाती आणि संध्याकाळची थकलेली छाती सारखी नसते.

इथवर सोपं आहे. आता अडचणी.

मोठ्या झाडांना बुंध्याशी फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळं असतात. त्यांच्यावरून टेप फिरवली तर झाड होतं त्याच्या दुप्पट जाड भरेल. अशा वेळी आधारमुळं जिथे संपतात त्याच्या अर्धा मीटर वर मोजतात. त्यासाठी शिडी लागली तर शिडी न्या. आणि कोणत्या उंचीवर मोजलं हे नोंदवायचं चुकवू नका. ते लिहिलं नसेल तर पाच वर्षांनी येणारा माणूस दुसऱ्याच उंचीवर मोजेल, झाड 'बारीक झालेलं' दिसेल आणि दोष झाडाला जाईल.

खोडाला महावेल बिलगलेली असेल तर ती कापू नका. हलकेच उचलून खालून टेप सरकवा. शेवाळ असेल तर फक्त टेपच्या रेषेवरचं बाजूला करा, साल खरवडू नका. उतारावरच्या झाडाला १.३ मीटर चढाच्या बाजूने धरायचे की उताराच्या, यावर पद्धतीपद्धतींत फरक आहे. एक पद्धत निवडा, वहीत लिहा आणि शेवटच्या झाडापर्यंत तीच पाळा. १.३ मीटरच्या खालीच फाटे फुटले असतील तर प्रत्येक फाटा वेगळा मोजायचा, पण झाड एकच धरायचं.

मोजलेल्या जागी रंगाची बारीक रेघ ओढा. अ‍ॅल्युमिनियमचा क्रमांकाचा बिल्ला त्या रेघेच्या सुमारे ३० सेंटिमीटर वर ठोका. खिळ्याभोवती खोड फुगतं आणि तो फुगवटा मापात यायला नको, म्हणून एवढं अंतर. खिळा डोक्यापर्यंत मारू नका. निम्माअधिक बाहेर ठेवा, झाडाला वाढायला जागा लागते. नाहीतर पुढच्या मोजणीला बिल्ला सालीत गिळलेला सापडतो. १ सेंटिमीटरच्या रोपट्यांना खिळा मारायचाच नसतो, त्यांना बिल्ला सैल दोऱ्याने अडकवतात.

नाव: सगळ्यांत अवघड पायरी

मोजणी घामाने होते, ओळख मात्र वर्षांनी जमते. उष्णकटिबंधात निदान ४०,००० वृक्षप्रजाती आहेत, कदाचित ५३,००० हून अधिक, असा अंदाज २०१५ मध्ये मांडला गेला. त्याच अभ्यासात युरोपच्या समशीतोष्ण भागासाठी दिलेला आकडा आहे १२४. झाडं ओळखायची पुस्तकं बहुधा फूल आणि फळ हातात आहे असं गृहीत धरतात. तुम्ही ज्या दिवशी जंगलात जाल त्या दिवशी दहातल्या नऊ झाडांना ना फूल असेल ना फळ. पानं असतील, तीही तीस मीटर वर.

म्हणून पानावरून आणि खोडावरून निदान कुळ ओळखायला शिका. प्रजाती नंतर बघू. मी शिकवताना पाच गोष्टी याच क्रमाने पाहायला लावते.

पानं डहाळीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक? पान साधं आहे की पर्णिकांचं मिळून बनलेलं? देठाच्या बुडाशी उपपर्ण (पानासारखा लहानसा अवयव) आहे का, आणि ते कुठे आहे? तोडल्यावर चीक येतो का, कोणत्या रंगाचा? चुरगळल्यावर वास येतो का?

एवढ्यावर कितीतरी दारं उघडतात. पानं समोरासमोर आणि दोन देठांच्या मधोमध त्रिकोणी उपपर्ण दिसलं, तर बहुधा कॉफीचं कुळ. पांढरा चीक, डहाळीच्या टोकाला निमुळती टोपी आणि ती गळून गेल्यावर डहाळीभोवती उरलेलं गोल कडं, तर वड-उंबराचा वंश. खोडाला टोचलं आणि रक्तासारखा लाल चीक आला तर जायफळाचं कुळ मनात आणा, पिवळा आला तर कोकमाचं. पान सूर्यासमोर धरल्यावर सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसले तर लिंबाचं किंवा जांभळाचं कुळ. डहाळीची साल लांब चिवट पट्टीसारखी सोलून निघाली तर सीताफळाचं कुळ पडताळून पाहा. या खुणांना अपवाद आहेत, पण शंभरातली साठ-सत्तर झाडं योग्य कुळापर्यंत नेऊन सोडायला त्या पुरतात.

पानं मिळवायची कशी? लांब दांड्याची कात्री, गलोलीने दोरी फेकणं, किंवा तरबेज झाडावर चढणारा. खाली पडलेल्या पानावर विसंबू नका. ते शेजारच्या झाडाचं असतं, नाहीतर त्याच झाडावर चढलेल्या वेलीचं. दुर्बिणीने वरच्या पानांशी ताडून पाहिल्याशिवाय जमिनीवरचं पान वहीत जाता कामा नये.

ज्या झाडाबद्दल जराही शंका आहे त्याचा नमुना घ्या. पानांसह डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबा, त्यावर झाडाचा क्रमांक लिहा आणि तीन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक त्या भागातल्या वनस्पतिसंग्रहालयात, एक त्या कुळाच्या तज्ज्ञाकडे पाठवायला. दमट जंगलात नमुना एका रात्रीत बुरसतो, म्हणून वाळवण्याची सोय होईपर्यंत तो स्पिरिटमध्ये भिजवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करतात. वाळल्यावर रंग, वास आणि चीक जातात. ते झाडाखाली उभं असतानाच लिहून ठेवायचे, संध्याकाळी आठवून लिहिलेले नव्हेत.

नाव सापडलं नाही तर अंदाजाने नाव देऊ नका. 'जांभूळकुळ ३' असं तात्पुरतं नाव द्या आणि संपूर्ण जागेत त्याच प्रकाराला तेच नाव लावत जा. चुकीचं नाव यादीत एकदा शिरलं की ते काढायला फार वर्षं लागतात. 'अनोळखी' हे प्रामाणिक नाव आहे, ते केव्हाही बदलता येतं. आणि काही अनोळखी झाडं खरोखरच कोणी नाव न दिलेली असतात. जगात सुमारे ७३,००० वृक्षप्रजाती असाव्यात आणि त्यांतल्या ९,००० च्या आसपास विज्ञानाला अजून माहीत नसाव्यात, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

माझ्या पहिल्या जागेत 'अनोळखी १४' आणि 'अनोळखी ३१' अशा दोन नोंदी होत्या. १४ ची पानं तळहाताएवढी, लवदार, कडेला दाते असलेली. ३१ ची पानं बोटभर, गुळगुळीत, दात्यांचा पत्ता नाही. दोन्ही वेगळ्या प्रजाती म्हणून मी त्या मोजल्या, आलेखही काढला. पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याने मोडलेलं एक अर्धवट वाढलेलं झाड पायाशी पडलं, त्याच्या खालच्या फांद्यांवर १४ ची पानं आणि शेंड्यावर ३१ ची. सावलीतलं पोर आणि उन्हातलं थोरलं झाड, प्रजाती एकच. त्या दिवसापासून मी प्रत्येक अनोळखी प्रकाराचा नमुना सावलीतला एक आणि उन्हातला एक असा जोडीने घेते.

वही आणि संगणक

थोडक्यात सांगते. पाण्याने न भिजणारा कागद आणि पेन्सिल वापरा, शाई पावसात वाहून जाते. त्याच संध्याकाळी पानांचे फोटो काढा. संगणकात आकडे दोन वेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे भरावेत आणि दोन्ही याद्या जुळवून पाहाव्यात, २१ आणि १२ अशी अदलाबदल त्यातच सापडते. मूळ वही कधीही टाकू नका.

आकडेमोड: वैविध्य म्हणजे नेमकं काय

समजा तुमच्याकडे १०० झाडांच्या दोन जागा आहेत आणि दोन्हींत १० प्रजाती आहेत. पहिलीत प्रत्येक प्रजातीची दहा-दहा झाडं. दुसरीत एकाच प्रजातीची ९१ आणि उरलेल्या नऊ प्रजातींचं एकेक. प्रजातींची संख्या दोन्हीकडे सारखी, पण दुसऱ्या जंगलातून चालताना तुम्हाला एकच झाड पुन्हा पुन्हा भेटेल.

हा फरक आकड्यात आणायला १९७३ मध्ये मार्क हिल यांनी सुचवलेली मापं वापरा. ती 'इतक्या समसमान प्रजाती असल्यासारखं' या भाषेत बोलतात. पहिल्या जागेचं उत्तर कुठल्याही मापाने १० च येतं. शॅनन आणि सिम्प्सन हे प्रत्येक प्रजातीचा वाटा धरून वैविध्य मोजणारे दोन रूढ निर्देशांक. दुसऱ्या जागेत नुसती गणती केली तर १०, शॅनन निर्देशांकावरून काढलं तर सुमारे १.६५ आणि सिम्प्सनवरून काढलं तर सुमारे १.२१. गणतीत दुर्मीळ प्रजातीला तितकंच मत आहे जितकं विपुल प्रजातीला. सिम्प्सनमध्ये दुर्मिळांचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. एकच छापायचा म्हटलं की कोणाचं मत मोजायचं हे तुम्ही गुपचूप ठरवलेलं असतं.

नवख्यांच्या हातून सर्वाधिक होणारी चूक इथली. ४०० झाडांची जागा आणि ७०० झाडांची जागा यांच्या प्रजातींची थेट तुलना करायची नाही. जास्त झाडं पाहिली की जास्त प्रजाती दिसणारच. मोठ्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी ४०० झाडं पुन्हा पुन्हा उचलायची, दर वेळी किती प्रजाती आल्या ते पाहायचं आणि सरासरी लहान जागेशी ताडायची. संगणक हे क्षणात करतो.

दुसरा उपाय म्हणजे फिशरचा अल्फा, हाही वैविध्याचा एक निर्देशांक. रोनाल्ड फिशर, अ‍ॅलेक्झांडर कॉर्बेट आणि कॅरिंग्टन विल्यम्स यांनी १९४३ मध्ये तो मांडला, तोही फुलपाखरं आणि पतंग मोजताना. झाडांचे अभ्यासक तो आजही वापरतात, कारण झाडांची संख्या कमीजास्त झाली तरी तो फारसा हलत नाही. मात्र ठरावीक प्रकारची विपुलता, म्हणजे कोणत्या प्रजातीच्या वाट्याला किती झाडं, गृहीत धरूनच तो चालतो, हे विसरू नका.

आणि जे दिसलंच नाही त्याचं काय? तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांनी १९८४ मध्ये यावर एक साधं सूत्र दिलं. एकदाच सापडलेल्या प्रजातींच्या संख्येचा वर्ग करायचा, त्याला दोनदा सापडलेल्यांच्या दुपटीने भागायचं आणि जे येईल ते तुमच्या यादीत मिळवायचं. समजा यादीत १२० प्रजाती, त्यांतल्या ४८ चं एकेक झाड आणि १६ ची दोन-दोन. ४८ चा वर्ग २,३०४, भागिले ३२, म्हणजे ७२. जंगलात निदान १९२ प्रजाती असाव्यात. 'निदान' हा शब्द काढून टाकू नका, हे सूत्र खालची मर्यादाच सांगतं. एकेकटी झाडं ही उणीव वाटते ना? दृष्टिआड काय राहिलं ते सांगणारी साक्षही तीच देतात.

एकाहून अधिक जागा असतील तर कोणत्या दोन जागांत किती प्रजाती सामाईक आहेत ते अंतरासमोर मांडा. २००२ मध्ये पनामा, इक्वाडोर आणि पेरूतल्या जागांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. पनामात अंतर वाढत जाताच सारखेपणा झपाट्याने घसरतो, पश्चिम अ‍ॅमेझॉनात तोच उतार पुष्कळ सौम्य आहे. अ‍ॅमेझॉनबद्दल २०१३ मधला एक अंदाजही इथे लक्षात घ्यावा. तिथे सुमारे ३९,००० कोटी झाडं आणि १६,००० प्रजाती असाव्यात, पण निम्मी झाडं केवळ २२७ प्रजातींची. दुसऱ्या टोकाला सुमारे ६,००० प्रजाती अशा की प्रत्येकीची संपूर्ण खोऱ्यात हजारभरही झाडं नसावीत.

'का' विचारायला रोपांकडे वळा

मोठी झाडं मोजून किती आणि कुठे हे कळतं. इतक्या प्रजाती टिकतात कशा, याचं बरंचसं उत्तर गुडघ्याखाली आहे.

डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये वेगवेगळ्या वाटांनी एकच कल्पना मांडली. आईच्या सावलीत सर्वाधिक बिया पडतात, पण त्या प्रजातीवर जगणारे किडे आणि बुरशीही तिथेच दबा धरून असतात. म्हणून आईजवळची रोपं मरतात, दूर गेलेली एखाद-दुसरी वाचते, आणि रिकाम्या जागी दुसऱ्याच प्रजातीला संधी मिळते. कोणतीही प्रजाती फार माजली की तिचे शत्रूही माजतात. बेलीझमधल्या एका प्रयोगात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, जमिनीच्या काही तुकड्यांवर बुरशीनाशक फवारलं. त्या तुकड्यांवर उगवलेल्या रोपांमधलं वैविध्य घटलं.

सगळ्यांना हे एकच कारण पुरेसं वाटत नाही. हबेल यांनी २००१ मध्ये उलट टोकाचा विचार मांडला: सगळ्या प्रजाती बरोबरीच्या धरा, आणि कोण टिकतं हे जन्म, मरण, बिया पोहोचणं आणि नव्या प्रजाती उपजणं यांच्या योगायोगावर सोडा. तेवढ्यानेही विपुलतेचे खऱ्यासारखे आलेख उमटतात. काहींचा भर ओढ्याकाठची ओल आणि टेकाडावरचा कोरडेपणा यांवर असतो. माझ्या मते ही कारणं एकत्र काम करतात आणि खरा प्रश्न कोणतं किती, हा आहे. पण आलेख जुळला म्हणून कारण सिद्ध झालं असं लिहू नका, कारण अनेक कारणांतून एकच आलेख निघतो.

तुमच्या हेक्टरात यासाठी इतकं करता येईल. प्रत्येक चौकोनात एक मीटर बाय एक मीटरची एक खिडकी आखा, तिच्यातल्या प्रत्येक रोपाला दोरा बांधा आणि दर वर्षी एकदा कोण जिवंत आहे ते पाहा. शेजारी बिया झेलायला जाळीची टोपली टांगा. टोपलीत पडलेल्या बिया आणि खिडकीत उगवलेली रोपं यांची तुलना केली की कोणत्या प्रजातीच्या बिया पोहोचतच नाहीत आणि कोणाच्या पोहोचून मरतात, हे वेगळं दिसायला लागतं.

आणि मग दुसरी मोजणी. बारो कोलोरॅडोवर पहिली मोजणी पुरी झाली आणि १९८३ मध्ये एल निन्योचा कडक दुष्काळ आला. झाडं मरण्याचं प्रमाण वाढलं. कोणती प्रजाती कोलमडली आणि कोणती तगली हे सांगता आलं, कारण प्रत्येक खोडावर क्रमांक होता. दुसऱ्या मोजणीला जाल तेव्हा उभ्या झाडांवरच समाधान मानू नका. यादीतला क्रमांक सापडेना की त्या जागी गुडघे टेका आणि पालापाचोळा हाताने बाजूला करा. उभं वाळून मेलं, बुंध्यातून मोडलं की मुळासकट उपटलं, हे लाकूड कुजण्याआधी पाहून लिहायचं असतं. बिल्ला सापडला तर खिशात ठेवा आणि नोंदीसमोर लिहा, 'मृत, बिल्ला हाती आला'. नाही सापडला तर लिहा, 'सापडलं नाही', आणि तिसऱ्या मोजणीला पुन्हा तिथेच शोधा.